छान, आता बंद करा

यंत्र सुरू झालं की सगळे खूश व्हायचे, एक साहेब सोडून. ते चष्मा कपाळावर चढवायचे, खटका दाबल्यासारखी दोन बोटं हवेत खाली आणायचे आणि म्हणायचे, "छान. आता बंद करा."

समोरच्याचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा व्हायचा. बिचाऱ्याने आठवडाभर खपून ते कसंबसं सुरू केलेलं असायचं, आणि हा माणूस ते बंद करायला सांगतोय. साहेब मात्र शांतपणे उभे राहायचे. बंद झालं की म्हणायचे, "हां, आता पुन्हा चालू करा बघू." खरी परीक्षा तिथे असायची.

वाशीला आमचं ऑफिस आहे. लहान कारखानदारांनी एकत्र येऊन केलेला हा उद्योगांचा क्लस्टर. कोणी काही नवीन बनवलं आणि त्याला सरकारी निधी हवा असेल, तर ते खरंच नवीन आहे आणि खरंच चालतं, असं आमचं प्रमाणपत्र लागतं. त्याआधी जागेवर जाऊन तपासायचं काम साहेबांचं. उभं आयुष्य एका औषध कंपनीत यंत्रं सांभाळण्यात घालवून ते निवृत्तीनंतर आमच्याकडे आले होते. मी फाइल घेऊन बरोबर जायचे. फाइल ते उघडायचे नाहीत. ती बहुधा मला हातात धरायला काहीतरी असावं म्हणूनच होती.

"चालणारं यंत्र कोणीही दाखवतो," ते गाडीत मला सांगायचे. "ते बंद पडतं तेव्हा आपण तिथे नसतो."

एकदा तुर्भ्याच्या एका हुशार तरुणाला स्वतःच्या यंत्राचा बंद करायचा खटकाच सापडेना. शेवटी त्याने अख्ख्या गाळ्याची वीज घालवली. साहेब अंधारात म्हणाले, "ठीक आहे, पुढच्या वेळी येऊ." राग नाही, टोमणा नाही. माझा मात्र हसून हसून जीव गेला होता.

खाण्याच्या बाबतीत साहेब पक्के शाकाहारी. बाहेरचा वडा खातानाही तेल कशाकशाला वापरलंय याची चौकशी व्हायची. म्हणून दिवाळे गावच्या जनाताईंचा अर्ज आला तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जनाताई कोळीवाड्यातल्या. जुन्या फ्रिजच्या सांगाड्यातून त्यांनी मासळी वाळवायचं कपाट बनवलं होतं. पावसाळी हवेत बाहेर मासळी वाळत नाही, कुजते, आणि बायकांना ती फेकून द्यावी लागते. निधी मिळाला तर त्यांच्या गटातल्या सगळ्या बायकांना अशी कपाटं मिळणार होती. नाही तर आणखी एक पावसाळा मासळी खाडीकाठी फेकण्यात जाणार होता. अर्ज पुढे पाठवायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण सारवल्यासारखं स्वच्छ, दारात रांगोळी, कपाटाशेजारी उदबत्ती. कपाटाला साबणाचा वास येत होता. आत ओळीने मांडलेल्या होत्या हिरव्या मिरच्या.

साहेबांनी चष्मा वर केला. हे मासळीचंच ना, असं त्यांनी विचारलं. जनाताई लाजून म्हणाल्या, "हाय मावऱ्याचाच. पन तुमी मावरा खात नाय असा समजला. वासाचा तरास नको, म्हनून काल आतून बाहेरून धुतला."

आमच्या ड्रायव्हरने खबर आधीच पोचवली होती. एवढ्या मायेने केलेली चूक मी त्याआधी पाहिली नव्हती. साहेब म्हणाले, मिरच्या बघून मासळीचं प्रमाणपत्र देता येणार नाही. जनाताईंचा चेहरा उतरला. मीही फाइल काखेत मारली.

"मासळी कधी येईल?" साहेबांनी विचारलं.

भरतीला होड्या येतील, दुपारपर्यंत, असं ताई म्हणाल्या. साहेबांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसले. डोक्यावर दोरीला बोंबील टांगलेले, आणि खाली हे आपला भाजीपोळीचा डबा उघडून जेवतायत. एकदा त्यांचा रुमाल नाकापर्यंत गेला. जनाताई बघतायत हे लक्षात येताच त्यांनी त्याने कपाळ पुसलं आणि तो खिशात ठेवला. मला हा माणूस त्या दिवसापासून मनापासून आवडायला लागला.

दुपारी ओला जवळा आला, कपाटात पसरला गेला, पंखा घुमू लागला. बायका गोळा झाल्या. थोड्या वेळाने दोन बोटं खाली आली. "छान. आता बंद करा."

ताईंनी बंद केलं. पुन्हा खटका दाबला, तर काहीच नाही. परत दाबला, तरी नाही. कालच्या धुण्यातलं पाणी आत कुठेतरी उतरलं होतं. ताईंचे डोळे भरले. माझेही भरले, उगाच कशाला लपवू.

साहेब खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "मी बसलोय. तुमचं यंत्र आहे, तुम्हीच बघा."

ताईंनी पदर खोचला. प्लग काढला, मागचा पत्रा सोडवला, खटका बाहेर काढून पुसला आणि चुलीच्या उबेला धरला. सगळं जोडून त्यांनी खटका दाबला आणि पंखा फिरला. संध्याकाळी साहेबांनी वाळलेला जवळा स्वतः मुठीत घेऊन चुरून पाहिला. परतताना बेलापूर ओलांडेपर्यंत तो हात गाडीच्या खिडकीबाहेर होता.

शेऱ्यात त्यांनी लिहिलं, "बिघडतं. पण बनवणारीला दुरुस्त करता येतं. प्रमाणपत्र द्यावं."

निधी आला. दिवाळ्यात एकेक नवं कपाट होऊ लागलं. जनाताईंनी एक रीतच पाडली. नव्या कपाटाला मासळीचा वास लागायच्या आत पहिल्यांदा त्यात मिरच्या वाळवायच्या आणि पुडी साहेबांच्या घरी पाठवायची. साहेब मला सांगायचे की मिरच्या फार तिखट आहेत. पण पुडी कधी उरल्याचं मी ऐकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. झोपेतच गेले. त्यांच्या जागी दुसरे आलेत, चांगले आहेत, फाइल नीट वाचतात. मला साहेबांची फार आठवण येते.

परवा पलीकडच्या गावातून काही बायका कपाट बघायला आल्या, म्हणून मी दिवाळ्याला गेले. कपाट नवंकोरं होतं आणि आत मिरच्या होत्या. आता कोणाला पाठवणार, असं मी हळूच विचारलं. जनाताई म्हणाल्या, "त्यांच्या घरी मानसा हायेत की."

पंखा सुरू झाला. पाहुण्या बायका खूश झाल्या, मोबाइलवर फोटो काढू लागल्या. जनाताईंनी त्यांना थांबवलं. "इतक्यात नको. आता बंद करते." त्यांनी खटका दाबला आणि अंगण एकदम शांत झालं. प्लास्टिकची खुर्ची भिंतीशी रिकामी होती. ताईंनी पुन्हा खटका दाबला, आणि पंखा फिरू लागला.

"छान," मी म्हणाले. साहेबांच्या वतीने कोणीतरी म्हणायला हवं होतं.