सहा वेळा उतरलेली जीप

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने ऐकतो, पण मानत कधीच नव्हतो. आजही नक्की काय मानतो, ते सांगता येणार नाही. जे घडलं तेवढं लिहितो.

मी ट्रॅफिक इंजिनिअर. नागपुरात वाडीच्या पुढे बायपासवरून गावच्या रस्त्याला उतरणारा एक रॅम्प आहे. खालच्या चौकात रोज गाड्या तुंबतात, म्हणून आमचा सर्व्हे चालू होता. माझी सहकारी सोनाली चौकात उभी राहून उतरणाऱ्या-चढणाऱ्या गाड्या लिहीत होती. दुपारी साडेबाराला मी आणि आमचे ड्रायव्हर गजाननभाऊ जीपने वरून निघालो. उतरायला किती वेळ लागतो ते बघायचं आणि खाली जेवायचं. डबे सोनालीजवळच होते.

रॅम्पचं डावं वळण घेतलं. समोर चौक यायला हवा होता... समोर बायपास! तोच हिरवा बोर्ड, पुढे तोच रॅम्प.

"चुकलं वाटते," गजाननभाऊ म्हणाले.

पुन्हा उतरलो. पुन्हा बायपास.

तिसऱ्या खेपेलाही तेच. एरवी ट्रकांची रांग असते, आज मागेपुढे एक गाडी नाही. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती. सोनालीला फोन लागेना. आणि गजाननभाऊंना शुगर — सकाळी इन्सुलिन घेतलेलं, पोटात काही नाही. शर्ट घामाने भिजला, एक हात स्टिअरिंगवर ठेवून ते दुसऱ्याने समोरचा कप्पा चाचपू लागले.

"साहेब, मले गरगरून राहिलं. काही खायले आहे का?"

काहीच नव्हतं. सहाव्यांदा वळणावर मी काच खाली केली आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "कोणी आहे का? मदत करा!"

पुन्हा बायपास.

"थांबवा. पायी जाऊ," मी म्हणालो. जीप रॅम्पच्या तोंडाशी कडेला लावली, भाऊंना खांदा दिला आणि भिंतीला धरून उतरू लागलो. वळण संपलं... आणि हॉर्न ऐकू आले. चौक!

सोनाली धावत आली. आधी तिने डब्यातला गूळ भाऊंना भरवला. ते जरा सावरल्यावर मला बाजूला घेऊन चिडून म्हणाली, "सर, थांबत काहून नव्हते तुम्ही? सहा वेळा समोरून गेले. मी हात करून राहिली होती."

तिने शीट पुढे केली. आमची जीप सहा वेळा उतरून गावाकडे गेलेली. वर चढल्याची नोंद एकदाही नाही, आणि त्या बाजूने वर जायला दुसरा रस्ताच नाही.

जीप वरच उभी होती. ऑफिसमधून बोलावलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरने ती एका मिनिटात सरळ चौकात आणली. मी नंतर गावात विचारून आलो. तशी जीप तिथे कोणी पाहिलीच नव्हती.

गजाननभाऊ ठणठणीत आहेत. पण त्या दिवशी सोनाली आणखी एक बोलली होती, ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

"शेवटच्या वेळी तुम्ही काच खाली करून 'मदत करा' म्हणून ओरडून राहिले होते ना सर... मी मागं धावली. पण भाऊ तर केव्हाचे स्टिअरिंगवर मान टाकून पडले होते."