सुलाबाईच्या छत्तीस डुकरांचा निकाल

प्रयोगशाळेतल्या फ्रीजच्या प्लगवर एक कागद चिकटवलेला होता. 'कृपया हा प्लग कोणीही काढू नये.' अक्षर ज्ञानेशचं, सेलोटेप ज्ञानेशची, 'कोणीही'खालची लाल रेघही ज्ञानेशचीच. आणि शनिवारी संध्याकाळी मोबाइल चार टक्क्यांवर आल्यावर तोच प्लग काढून तिथे आपला चार्जर खोचणारा इसमही ज्ञानेशच. मोबाइल भरला, चार्जर खिशात गेला, ज्ञानेश घरी गेला. मग अख्खा रविवार, नाशिकच्या भर एप्रिलात, सुलाबाईच्या डुकरांचं रक्त त्या बंद फ्रीजमध्ये उकडत पडलं.

सोमवारी तेजस्विनी मॅडमनी फ्रीज उघडला आणि नाकाला पदर लावून परत मिटला. मॅडम म्हणजे ज्ञानेशच्या पीएच.डी.च्या गाइड. डुकरांना होणाऱ्या विषाणूंच्या जनुकांचा अभ्यास हा त्याचा विषय. मॅडम ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सुलाबाईंना तू जाऊन सांग."

त्यापेक्षा पीएच.डी. सोडलेली बरी, असं ज्ञानेशला वाटून गेलं.

सुलाबाई पेठ रोडला राहते. मूळची डोंगरातली, पेठ तालुक्यातली. नाशिकला आली ती द्राक्षबागेत छाटणीच्या कामावर. बागेच्या मालकाला एकदा हुक्की आली आणि त्याने पांढऱ्या विलायती डुकरांची जोडी आणली. पंधरा दिवसांत हौस फिटली. "बाई, तेवढी घेऊन जा इथून," म्हणून त्याने दोन्ही तिच्या गळ्यात मारली. त्याला अठरा वर्षं झाली. दोनाची बेचाळीस झाली, पत्र्याची शेड झाली, बाईच्या केसांची चांदी झाली. नवरा सहादू रिक्षा चालवतो. त्याला डुकरं आवडत नाहीत. अठरा वर्षांत तो शेडकडे तोंड करून जेवलेला नाही. सुलाबाईला त्याचं काही नाही. "त्यो पाठ करून बसतो तर बसू द्या. डुकरांना कुठं त्याचं तोंड बघायचंय?"

मंगल कार्यालयांतलं उरलेलं अन्न ती आणते आणि मोठ्या पातेल्यात तासभर रटरटा उकळल्याशिवाय एक घासही डुकरांना घालत नाही. "लगनातलं खाऊन माणसं आजारी पडत्यात. माझं एकबी डुक्कर नाय पडलं."

नावं ठेवायची तिची रीत जगावेगळी. डुकरीण व्याली की त्या दिवशी शेडवर जो पहिला परका माणूस येईल, त्याचं नाव त्या अख्ख्या वेताला. मीटरचं रीडिंग घ्यायला लाइनमन आला, आठही पिल्लं लाइनमन. जमिनीच्या कामाला तलाठी आला, सातही पिल्लं तलाठी. तलाठ्याचे वरचे सर्कल साहेब आले त्या दिवशी एकच पिल्लू झालं होतं. ते आता सगळ्यांत आडदांड डुक्कर आहे, आणि त्याला हाकताना सुलाबाई ज्या शिव्या देते त्या ऐकून खरे सर्कल साहेब पुन्हा तिकडे फिरकलेले नाहीत.

म्हणून नमुन्यांच्या निमित्ताने ओळख झालेल्या ज्ञानेशला मार्चअखेरीस तिचा फोन आला तेव्हा सिटी बसमध्ये गोंधळच झाला. गर्दीच्या आवाजात ऐकू येईना म्हणून ज्ञानेशने स्पीकर लावलेला.

"डाक्टर, चार लाइनमन गेले! दोन तलाठीबी गेले! तू लवकर ये!"

"एका दिवसात सहा?" ज्ञानेश ओरडला.

शेजारचे गृहस्थ हळहळले, "अरेरे! कुठं झाला हो अपघात?"

अपघात नव्हता, ताप होता. कान लाल, अंग तापलेलं, खाण्यावरून तोंड फिरवलेलं. मेली ती सहाही दोन-अडीच महिन्यांची, लस टोचायची राहिलेली. आता यात मेख अशी, की डुकरांना असा ताप आणणारे विषाणू दोन. एक आपला नेहमीचा; त्याला लस आहे, बाकीची डुकरं वाचवता येतात. दुसरा आफ्रिकन, त्याला हाताशी लस नाही, आणि तो निघाला तर नियमाप्रमाणे शेडमधलं एकूणएक डुक्कर मारून खड्ड्यात पुरायचं. बाहेरून बघून दोन्ही सारखेच. खरं काय ते विषाणूची जनुकंच सांगणार. म्हणजे आईच्या अंगावर पिणारी पिल्लं सोडून उरलेल्या छत्तीस डुकरांचा जीव त्या रक्ताच्या नळ्यांत होता. आणि नळ्या होत्या ज्ञानेशच्या फ्रीजमध्ये.

तो शेडवर पोचला तेव्हा सुलाबाई पातेलं घासत होती.

"आला का रिपोट?"

"मावशी, जरा तांत्रिक अडचण आली."

"म्हंजे?"

"फ्रीज बंद झाला."

"आपोआप?"

ज्ञानेशने पत्र्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, सर्कलकडे पाहिलं. "मी केला. मोबाइल चार्ज करायला."

सुलाबाईच्या हातातली घासणी थांबली. "माझे छत्तीस जीव टांगणीला, आन तू मोबाइल भरत व्हता?"

"परत रक्त घ्यावं लागेल."

"घे ना! माझंच घे! डुकरांत काय ऱ्हायलंय आता?"

पण मिनिटभराने तीच उठली, पदर खोचला आणि दोरीचा फास हातात घेतला. डुकराच्या वरच्या जबड्यात फास अडकवला की ते मागे ओढत एका जागी उभं राहतं आणि कानठळ्या बसतील असं किंचाळतं. तेवढ्यात सुई मारायची. याआधी डुकरं बेसावध होती. या वेळी ज्ञानेशला पाहताच सगळी कोपऱ्यात गेली. रक्त घेतलेलं डुक्कर ओळखू यावं म्हणून त्याने पाठीवर निळे आकडे रंगवायचं ठरवलं होतं. डुकरं पाच मिनिटांत चिखलात लोळून बिनआकड्याची होऊन आली.

दुपारी दोन वाजता ज्ञानेश घामाने निथळत म्हणाला, "झाली छत्तीस."

"चौतीस झाली," सुलाबाई म्हणाली. "सर्कलचं तीनदा घेतलंस. मी म्हनलं, कवा कळतंय बघू."

"मग सांगायचं ना मावशी!"

"तू सांगितलं व्हतं का फ्रीज बंद करताना?"

अखेर आकडे रद्द झाले आणि नळ्यांवर नावं आली. तेजस्विनी मॅडमनी यादी वाचली: लाइनमन तीन, पोस्टमन धाकटा, ग्रामसेवक लंगडा. "हे रक्त डुकरांचंच आहे ना?" त्यांनी विचारलं. या वेळी फ्रीजजवळ त्या स्वतः खुर्ची टाकून बसल्या.

नमुने मोठ्या प्रयोगशाळेत गेले. शेडवर 'प्रवेश बंद' अशी पाटी लागली. आणि सुलाबाईचे फोन सुरू झाले. रोज सकाळी, बरोबर डुकरांना खायला घालायच्या वेळी.

"आला का?"

"नाही मावशी."

"आयक मग," म्हणून ती फोन डुकरांसमोर धरायची. छत्तीस डुकरं एका सुरात ज्ञानेशला जाब विचारायची. चहा गार व्हायचा. असे नऊ दिवस.

दहाव्या दिवशी फोन त्याने केला. "मावशी, साधा ताप आहे! आफ्रिकन नाही! एकही मारायचं नाही!"

पलीकडून आधी डुकरांचा आवाज आला. मग नाक ओढल्याचा. मग "बरं", आणि फोन बंद.

इथे ज्ञानेशने हात झटकून मोकळं व्हायला हरकत नव्हती. पण त्याचा खरा अभ्यास इथूनच सुरू होत होता. विषाणूची जनुकं म्हणजे अक्षरांची लांबलचक ओळ; एका शेडमधला विषाणू दुसऱ्या शेडमधल्याचा कोण लागतो, हे त्यावरून कळतं. सुलाबाईकडच्या विषाणूची ओळ सिन्नरकडच्या एका शेडमधल्या ओळीशी अक्षरन् अक्षर जुळली. सख्खी भावंडं! मॅडम म्हणाल्या, "शाब्बास. आता तो सिन्नरहून पेठ रोडला कसा गेला, ते शोध."

ज्ञानेश एकोणीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन निघाला. चेहऱ्यावर पोलीस इन्स्पेक्टरचा भाव.

"मावशी, पहिलं डुक्कर मेलं त्याच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत बाहेरून डुक्कर आणलं होतं?"

"नाय."

"खाण्याची दुसरी गाडी? न उकळलेलं काही?"

सुलाबाईने पातेल्याकडे बोट दाखवलं. ज्ञानेशने तो प्रश्न खोडला.

"मग बाहेरचं माणूस कोणी आलं होतं? नीट आठवा. यातच सगळं आहे."

"आठवायला कशाला पायजे?" सुलाबाई त्याला शेवटच्या कप्प्याकडे घेऊन गेली. तिथे एक डुकरीण आडवी पडली होती आणि नऊ गुबगुबीत पिल्लं तिला लुचत होती. लस टोचलेल्या आईच्या दुधावर ती तापातून वाचली होती. "पैला लाइनमन मेला त्याच्या नऊ दिवस आधी व्याली ही. त्या दिवशी एकच परका मानूस आलता."

"मग नाव काय यांचं?"

"डाक्टर."

नऊ डॉक्टर लुचत राहिले. दहावा डॉक्टर हातात फॉर्म धरून उभा होता. त्या दिवशी सकाळी तो सिन्नरच्या त्याच शेडवर गेला होता. तिथे डुकरं कण्हत होती. दुपारी इथे सहज निरोगी नमुने घ्यायला आला होता, घाई होती म्हणून तेच कपडे, तेच गमबूट घालून. अभ्यासाच्या गावोगावच्या तपासात त्याने सगळ्यांवर संशय घेतला होता. दूधवाले, व्यापारी, कावळेसुद्धा.

त्याने बाकीच्या सगळ्या प्रश्नांवर काट मारली आणि बाहेरच्या माणसाच्या प्रश्नासमोर स्वतःचं नाव लिहिलं.

"मावशी, ती सहा माझ्यामुळे गेली."

एक डॉक्टर आईपासून सुटून भलतीकडेच निघाला होता. त्याला सुलाबाईने मागचा पाय धरून जागेवर आणून ठेवलं.

"आणि मावशी..." ज्ञानेशचा आवाज इतका बारीक झाला की त्याचा त्यालाच ऐकू येईना. "निकालानंतर टोचलेली लस लागू पडली का ते बघायला अजून एकदा रक्त लागेल. पुढच्या सोमवारी येऊ का?"

सुलाबाईने त्याला डोक्यापासून पायापर्यंत आणि पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं.

"ये, पण माझ्या डुकरांना शिवायच्या आधी आंघोळ कर."