सासऱ्याचा पाय

लग्न जमलं तेव्हा भूपेशनं एकच गोष्ट जरा फुगवून सांगितली होती. वळ गावी मुलगी बघायला गेल्यावर तिच्या वडिलांनी, दौलत पाटलांनी, विचारलं, "दवाखान्यात काय काम असतं तुमचं?"

"ऑपरेशनला डॉक्टरांच्या हाताखाली असतो," भूपेश म्हणाला.

भिवंडीतल्या त्या दवाखान्यात पायांच्या फुगलेल्या शिरांवर उपचार व्हायचे आणि कंबरदुखी-गुडघेदुखीची इंजेक्शनं मिळायची. पेशंट बहुतेक कापडाच्या लूमवर काम करणारे, शिफ्टभर उभं राहून पोटऱ्यांवर निळ्या गाठी आलेले. भूपेशचं काम त्यांना तयार करायचं. कपडे बदलायला लावायचे, पाय साबणानं धुवायचे, रेझरनं केस काढायचे, औषधानं पुसून घ्यायचे. इंजेक्शनवाल्याला पालथं झोपवून पोटाखाली उशी द्यायची. आणि प्रत्येकाला ऑपरेशनच्या दिवशी पुन्हा एकदा विचारायचं, साखर आहे का, कुठलं औषध सोसत नाही का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. डॉक्टरीणबाई विश्वासानं हे त्याच्यावर सोपवायच्या. घाबरलेल्या म्हाताऱ्याला तो म्हणायचा, "चचा, चींटी काटेगी बस," आणि म्हातारा हसायचा.

पण घरी त्यानं हे कधी सांगितलं नाही. बायको रंजिता माहेरी गेली की बहिणींना ऐटीत सांगायची, "आमचे हे ऑपरेशनला असतात." तो खाली मान घालून चहा प्यायचा.

२००७ सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी तो तयारीच्या खोलीत शिरला, तर खाटेवर दौलत पाटील बसले होते. गळ्यात चेन, अंगावर पांढराशुभ्र शर्ट. सोबत फक्त गाडीचा ड्रायव्हर, तोही बाहेर. स्वतःच्या जमिनीवर गोदामं उभी राहिल्यापासून गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी उजवा मोजा काढला आणि खोलीत घाण वास पसरला. घोट्याच्या वर रुपयाएवढी जखम, भोवतीची कातडी काळी पडलेली, वर शिरांचे गुंते. त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

भूपेशच्या तोंडावर मास्क होता, डोक्यावर टोपी. दुसऱ्या कुणाला पाठवावं म्हणून तो बाहेर आला, पण जोडीदार महादू सुट्टीवर होता आणि सिस्टर आत डॉक्टरीणबाईंजवळ. तो परत आत गेला. घमेल्यात पाणी घेतलं, खाली बसला आणि सासऱ्याचा पाय मुकाट्यानं धुवायला लागला. पाटीलही काही बोलले नाहीत.

केस काढून झाले. आता विचारायचं होतं. हिंदीत विचारावं का? पण आवाज कसा लपवणार? तोंड उघडलं की ओळखतील. जावई लोकांचे पाय धुतो, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या वळला कळेल. पहिल्या तपासणीला बाईंनी विचारलंच असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

"गोळ्यांचं विचारलंस ना?" दारातून डोकावून बाईंनी विचारलं.

भूपेशनं होकारार्थी मान हलवली.

छोट्या छेदांतून शिरा काढायला सुरुवात झाली आणि रक्त थांबेना. दाबून धरलं, पट्ट्या बांधल्या, पट्ट्या भिजल्या. पाटलांचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी पुन्हा पुन्हा विचारल्यावर ते पुटपुटले, "हार्टची गोळी चालू हाय. मागच्या महिन्यापासून. घरी न्हाय सांगितलं कुणाला."

बाईंनी भूपेशकडे पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. ॲम्ब्युलन्समध्ये पुढे सिस्टर, मागे भूपेश, दोन्ही हातांनी पाय दाबून धरलेला. वाटेत कशेळीला ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. सायरन वाजत होता आणि पुढचा ट्रक तसूभर हलत नव्हता.

"भूपेश," पाटील डोळे मिटूनच म्हणाले, "तोंडावरचं काढ आता. धापा टाकतोयस."

भूपेशनं खांद्याला घासून मास्क खाली सरकवला. तरी पाय त्यानं सोडला नाही. "मामा... तुम्ही मला ओळखलं?"

"पाय हातात घेतलास तवाच."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू? तुझा सुट्टीचा वार समजून आलो हुतो, आन् जावयानंच आपला नासका पाय बघितला. मला वाटलं, तू वळखलं न्हाईस तर बरं."

"मी विचारायला पायजे होतं, मामा. गोळीचं. माझं कामच हाय ते. विचारलं न्हाय मी, आन् बाईंना विचारलं म्हणून सांगितलं."

पाटलांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "दाबून धर."

पाटील वाचले. आठवड्यानं घरी आले. भूपेशनं बाईंपुढे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी त्याला काढलं नाही, पण त्या दिवसापासून पेशंटना प्रश्न विचारायला सिस्टर यायला लागली. तो पाय धुवायचा आणि ती त्याच्या डोक्यावरून पेशंटशी बोलायची. महादूसमोर, नवीन पेशंटसमोर. दर वेळी त्याचे कान तापायचे.

पाटलांनी घरात जावयाच्या चुकीचं नावही काढलं नाही. रंजिताला वाटत होतं की नवऱ्यानं वेळेवर ॲम्ब्युलन्स गाठून बापाला वाचवलं. शेजारणीला ती तसंच सांगत होती, तेव्हा भूपेशला ऐकवेना. शेजारीण गेल्यावर त्यानं तिला सगळं सांगितलं. पाय धुण्याचं, केस काढण्याचं, मान हलवल्याचंही.

रंजिता भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"पाय धुवायची लाज वाटली तुम्हाला?" ती म्हणाली. "आणि माझा बाप मेला असता म्हणजे?"

तिनं भाजीची परात उचलली आणि आत गेली. त्या रात्री जेवायला तिनं वाढलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढच्या रविवारी ती त्याला घेऊन वळला वडिलांना बघायला गेली, तेव्हा बहिणींनी नेहमीसारखं विचारलं, "भावोजी काय म्हणतात? ऑपरेशनं जोरात?"

"ते पेशंट तयार करतात," रंजिता म्हणाली. "पाय धुतात लोकांचे."

भूपेश ओटीवर बसून ऐकत होता. आतून कोणी हसलं नाही. पलीकडे पाटील खुर्चीत पाय वर करून बसले होते. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि, त्या दिवशी भिंतीकडे फिरवली होती तशी, मान रस्त्याकडे फिरवली.