लोखंडी मखमल आणि आमचा अण्णा

सोलापुरात आजवर जेवढ्या नवऱ्या मुली बोहल्यावर चढल्या, त्यांतली एकही आमच्या अण्णाइतकी नटली नसेल. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण त्याच्या जाकिटांवरच्या निम्म्याअधिक टिकल्या मी माझ्या हाताने टाचल्या आहेत आणि त्यापायी माझी बारावीची केमिस्ट्री बुडाली आहे. अण्णा माझा मावसभाऊ. नवी पेठेत त्यांचं साड्यांचं आणि ब्लाउजपीसचं दुकान. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायच्या, म्हणजे रागवायचं कानडीत आणि समजूत काढायची मराठीत. मी धाकटी म्हणून तो मला 'पुट्टी' म्हणायचा. अजूनही म्हणतो. माझी दोन मुलं आता कॉलेजात जातात, हे त्याच्या गावीही नाही. तर या अण्णाने ऐन तारुण्यात एक बँड काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'लोखंडी मखमल'. मेटल म्हणजे लोखंड आणि ग्लॅम म्हणजे मखमल, असं ते भाषांतर होतं.

ग्लॅम मेटल हा काय प्रकार आहे हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांचं काही बिघडलेलं नाही. पुरुषांनी केस फुगवायचे, डोळ्यांत काजळ घालायचं, चमचमते तंग कपडे घालायचे, गिटारी फुटेस्तोवर वाजवायच्या आणि एवढा थाटमाट करून शेवटी गायचं काय, तर 'तू मला आवडतेस, मी तुला आवडतो का?' परदेशात ही हौस केव्हाच फिटली होती. पण रेल्वे लाइन्स भागातल्या एका भंगारवाल्याकडे अण्णाला जुन्या कॅसेटींचा खोका सापडला. त्यातल्या एका कॅसेटवर केस मोकळे सोडलेल्या चार देखण्या बायका होत्या आणि अण्णा त्यांतल्या डावीकडून दुसरीच्या प्रेमात पडला. आठ दिवस जेवणावर लक्ष नाही. नवव्या दिवशी कुणीतरी त्याला सांगितलं की हे चौघेही बाप्ये आहेत आणि डावीकडून दुसरा तर ड्रम बडवतो. दुसऱ्या कुणी ती कॅसेट उकिरड्यावर फेकली असती. अण्णाचा चेहरा उजळला. म्हणाला, "मग सोपं झालं की पुट्टी! म्हंजे आपल्यालाबी जमंल." अशा रीतीने ज्या संगीताचं तेरावं जगाने उरकलं होतं, त्याचं बारसं आम्ही सोलापुरात घातलं.

कपड्यांची अडचण नव्हती. दुकानात जरीचे, वेलबुट्टीचे, चमकीचे तुकडे ढिगाने उरायचे. त्यांची जाकिटं झाली. मावशी कपाळाला हात लावून म्हणायची, "अय्यो शिवने! पोरगं गल्ल्यावर बसंल म्हणून ब्लाउजपीस दाखवले, तर हे अंगात घालून आलं की!" अडलं ते पँटपाशी. पँट चामड्याची हवी आणि चामडं मावशी उंबऱ्याच्या आत येऊ देईना. शेवटी अण्णाने काळं रेक्झीन घेतलं आणि एकाही शिंप्याने ते हातात धरलं नाही तेव्हा रिक्षांची सीटं शिवणाऱ्या कारागिराकडे दिलं. त्या भल्या माणसाने आयुष्यभर जे केलं तेच इथेही केलं. मागच्या बाजूला दोन इंच फोम भरला, कडेने पिवळी पट्टी मारली आणि वर चार ठिकाणी बटणं ठोकली. अण्णाने ती पँट वर्षानुवर्षं वापरली. बसायला फार आराम वाटतो म्हणायचा.

केसांचं प्रकरण याहून पुढचं. केस उभे राहिले पाहिजेत, आणि सोलापूरच्या उन्हात माणूसच उभा राहत नाही तिथे केसांचं काय घेऊन बसलात. उपाय काढला नरसूने. नरसू हा बँडचा ड्रमवाला, पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरातला, अण्णाचा शाळेपासूनचा जिवलग. दोघांची यारी अशी की एकाला ताप आला तर दुसरा गोळी घ्यायचा. नरसूच्या घरी चार यंत्रमाग होते. मागावर चढवण्याआधी सुताला खळ देतात, म्हणजे पिठाच्या पेजेत बुडवून ते कडक करतात. नरसूने तीच खळ अण्णाच्या डोक्याला दिली. केस वीतभर उभे राहिले, ते थेट दुसऱ्या दिवसापर्यंत. उशीला मुंग्या लागायच्या एवढीच काय ती तक्रार.

नरसूचं वाजवणं हा वेगळाच विषय आहे. ड्रम तो कुणाकडे शिकला नव्हता. जन्मल्यापासून कानाशी मागाची खटखट, तीच त्याच्या हातांत उतरली होती. माग जेवढ्या वेगाने चालतो तेवढ्या वेगाने नरसू वाजवायचा, ना कमी ना जास्त. त्यामुळे 'लोखंडी मखमल'ची झाडून सगळी गाणी एकाच चालीने पळत सुटायची. बास वाजवणारा तिसरा एक जण होता, तो पुढे बँकेत लागला आणि फक्त रविवारी बंडखोर उरला. पण अण्णाचा आवाज आणि नरसूची खटखट एकत्र सुरू झाली की मांडवाचे खांब हलायचे, आणि माझ्यासारख्या बुडालेल्या केमिस्ट्रीच्या मुलीलाही आपण काही तरी मोठ्या गोष्टीत सामील आहोत असं वाटायचं.

त्यांचा सगळ्यांत गाजलेला कार्यक्रम मोडनिंबजवळ, हायवेवरच्या एका हॉटेलच्या उद्घाटनाचा. एप्रिल महिना, दुपारचे चार. रेक्झीनच्या पँटीने अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीला असा चिकटला की नाव पुकारल्यावर तो खुर्चीसकट मंचावर गेला. लोकांना वाटलं, हीच पद्धत असेल. दुसऱ्या गाण्याला खळ पाघळली, काजळ पाघळलं, दोन्ही मिळून तोंडावर काळ्यापांढऱ्या रेघा आल्या आणि पुढच्या रांगेतली लहान पोरं आयांना बिलगली. पण नरसूचा माग सुरूच होता. 'नवी पेठेची राणी, दे ना प्यायला पाणी' हे अण्णाचं स्वतःचं गाणं सुरू झालं आणि गर्दी जी नाचायला लागली ती थांबेना. चालते ट्रक थांबले, ड्रायव्हर उतरून नाचले. निघताना हॉटेलमालक अण्णाचे दोन्ही हात धरून म्हणाला, "गाण्यातलं काय बी कळलं न्हाय बगा, पण मजा लई आली. आमचा आचारी आमटी सोडून नाचत हुता. आमटी करपली, पण करपू द्या." घरी येईपर्यंत अण्णा आणि नरसू टेम्पोत एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होते. याहून चांगला दिवस बँडला पुन्हा आला नाही.

मग अण्णा सायबर कॅफेत गेला. तिथे त्याने वाचलं की परदेशात चौकड्यांचे मळके शर्ट घातलेली उदास मंडळी आली आणि चमकीवाल्या बँडांची सद्दी संपली. तेव्हा काही शहाण्या चमकीवाल्यांनी केस कापले, दाढ्या वाढवल्या आणि स्वतःही दुःखाची गाणी काढली. याच्या पुढे असं लिहिलेलं होतं की त्यामुळे जुने चाहते गेले, नवे आले नाहीत आणि ते पार बुडाले. पण अण्णाचा अर्धा तास संपला होता, त्यामुळे हा भाग वाचायचा राहिला. घरी आला तो वेगळाच माणूस. "चमकी खोटी असती पुट्टी," म्हणाला, "दुःख खरं असतंय." आणि त्याच संध्याकाळी ते पाठीवर रुळणारे केस त्याने कापून टाकले. मावशीने देवापुढे नारळ फोडला. मी मात्र रडले.

पण दुःख आणायचं कुठून? दुकान बरं चाललेलं, आई ताटात शेंगाचटणी आणि दही वाढायला हजर, लग्नाला मुली सांगून येणाऱ्या. अण्णाने खूप आठवून पाहिलं, त्याला काही सापडेना. तेव्हा तो दुःख शोधायला सांगोल्याला गेला, दुष्काळी भाग म्हणून. तिथे आमचे एक लांबचे काका राहतात. नेमका त्या वर्षी पाऊस उत्तम झालेला. टँकरवाले पारावर पत्ते खेळत बसलेले आणि डाळिंबाची झाडं फळांनी वाकलेली. अण्णा आठ दिवस उदास चेहरा करून बांधावर बसला. पोराचं लग्नाचं काही तरी बिनसलंय असं समजून लोकांनी त्याला रोज डाळिंबं सोलून दिली, कोंबडी खात नाही म्हणून पुरणपोळी केली. तो दोन किलो वजन वाढवून आणि डाळिंबाची पेटी घेऊन परतला. येताना त्याने 'कोरडं' नावाचं गाणं लिहून आणलं होतं. त्यात 'कोरडं' हा शब्द बावीस वेळा होता आणि दुसरं फारसं काही नव्हतं.

खरी पंचाईत पुढेच होती. दुःखाची गाणी संथ असतात आणि नरसूच्या हातांना संथ हा प्रकार माहीतच नव्हता. अण्णा म्हणायचा, "सावकाश वाजव." नरसू म्हणायचा, "सावकाश माग म्हंजे बंद पडायला आलेला माग बे. त्याला मेकॅनिक बोलवायचा का गाणं म्हणायचं?" एकदा तर त्याने सरळच सांगितलं, "लोकं आपल्याकडं नाचायला येतात बे अण्णा. रडायला घरी जागा हाय की त्यांना." अण्णाने ऐकलं नाही. त्याने आयुष्यात 'माझं चुकलं' हे दोन शब्द कधी उच्चारले नव्हते, ना मराठीत ना कानडीत.

नव्या अवताराचा पहिला कार्यक्रम एका कॉलेजच्या गॅदरिंगला होता. अण्णा वडिलांचा चौकड्यांचा शर्ट घालून लोकांकडे पाठ करून उभा राहिला आणि 'कोरडं' सुरू झालं. पाच मिनिटांनी पोरं उठून भेळ खायला जायला लागली. एकाने जाता जाता मला सांगितलं, "ताई, माइक टेस्टिंग झालं की हाक मारा." नरसू कसाबसा हात आवरून वाजवत होता. बारावं की तेरावं 'कोरडं' आलं आणि त्याला राहवलं नाही. त्याने माग सुरू केला. क्षणात पोरं परत फिरली, शिट्ट्या झाल्या, खुर्च्या सरकल्या. आणि अण्णाने हात वर करून गाणं थांबवलं. माइकवर, सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "ही कारखान्यातली खटखट हितं चालणार न्हाई. माग चालवायचा तर घरी जाऊन चालव."

नरसूने काड्या खाली ठेवल्या, गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसलं आणि मागच्या जिन्याने उतरून गेला. त्याचे वडील, आजोबा, सगळे त्या खटखटीवर जगले होते. हे अण्णाला ठाऊक नव्हतं असं नाही, त्याच्या तोंडातून निघून गेलं. पण निघून गेलेलं परत घ्यायला जे लागतं ते अण्णाकडे नव्हतं.

पुढचं सांगण्यात गंमत नाही. ड्रमचं मशीन आणून पाहिलं, ते लाइट गेली की बंद पडायचं. बासवाल्याची बदली झाली. अण्णाने मग लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाऊन पाहिलं, एका भजनी मंडळात गेला, तिथून 'किंचाळू नका' म्हणून परत पाठवला गेला. शेवटी तो गल्ल्यावर बसला. मला विचाराल तर त्याला बँड गेल्याचं दुःख कमी होतं. त्याला नरसू हवा होता. पंचवीस वर्षं तो पूर्व भागातलं काही काम निघालं की स्वतःच जायचा, नरसूच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी न्यायचा आणि परत फिरायचा. सांगोल्यापर्यंत जाऊन शोधलेलं दुःख आयतं घरी चालून आलं होतं, पण त्यावर त्याने एकही गाणं लिहिलं नाही.

गेल्या वर्षी नरसूची बायको दुकानात साड्या घ्यायला आली. मी तिथेच होते. बोलता बोलता तिने सांगितलं, माग भंगारात गेले, मुलाला हैदराबादला नोकरी लागलीय, रविवारी सगळे कायमचे चाललो. अण्णाने तिला ब्लाउजपीस कापून दिला तो अर्धा मीटर जास्तीचा. रविवारी सकाळी सातला तो माझ्या दारात उभा होता. "चल पुट्टी. एकट्यानं जमायचं न्हाई."

गल्लीत टेम्पो भरत होता. नरसू गुंडाळलेल्या गादीवर बसला होता, केस पांढरे झालेले. अण्णा समोर जाऊन उभा राहिला आणि चपलेकडे बघत पुटपुटला, "नरसू, माझं चुकलं बे."

"आं?" नरसूने कानामागे हात धरला.

बायको म्हणाली, "मागाच्या आवाजानं कान गेलेत भावजी त्यांचे. मोठ्यानं बोला."

अण्णाने आवाज चढवला. नरसू पुन्हा "आं?" मग मात्र अण्णाने छाती भरून घेतली. "माझं चुकलं! तू बराबर हुतास! ते कोरडं गाणं भिकार हुतं!" खिडक्या उघडल्या. टेम्पोवाला दोरी बांधायचा थांबला. "आणि मागाचं बोललो ते लई वाईट बोललो! पंचवीस वर्सं झोप न्हाई मला नीट!" शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फाटला. सगळी गल्ली दारात येऊन उभी होती. इतकं मन लावून अण्णाला कधी कुणी ऐकलं नसेल.

नरसूने हात खाली घेतला. "डावा कान चांगला हाय बे माझा. पुटपुटलास तवाच ऐकलं."

"मग बोलला का न्हाईस?"

"पंचवीस वर्सं वाट बघितली की. एका डावात भागतंय व्हय?"

आणि ते दोन पोक्त बाप्ये भर गल्लीत गळ्यात गळा घालून रडले, आणि मी, आणि नरसूची बायको. टेम्पोवाल्याने बरंच थांबून मग हॉर्न दिला. टेम्पो वळणाआड गेला तरी अण्णा तिथेच उभा होता.

आता दर रविवारी दुकान उघडलं की अण्णा हैदराबादला फोन लावतो आणि ओरडून बोलतो. काय जेवलास, गोळ्या घेतल्यास का, तिकडं गरमी हाय का. शेजारच्या दुकानदारांना वाटतं कुणाशी तरी भांडण पेटलंय. नरसू मुद्दाम फोन उजव्या कानाला लावत असणार, असा माझा दाट संशय आहे. मी अण्णाला तो सांगितलेला नाही. पंधरा मिनिटं ओरडून झालं की तो फोन ठेवतो आणि मला म्हणतो, "हितं असता तर बरं झालं असतं की गं."