रथावरचं आकाश

चूक माझीच होती. आमच्या गावच्या रथोत्सवाच्या दिवशी ड्रोनला बंदी घालावी, अशी मागणी पोलिसांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे केली होती. ती मान्य झाली, चौकात फलकही लागला. तरी मी गच्चीवरून ड्रोन उडवला. गर्दी रस्त्यावर, मग आकाश कशाला बंद, असं मला वाटलं.

पडद्यावर आधी नुसत्या टोप्या आणि पदर दिसत होते. ड्रोन जरा खाली आणला आणि सगळे चेहरे एकदम वर वळले. मी हरखून गेलो. त्यांत एक चेहरा दामूअण्णांचा होता. रथाच्या चाकाखाली लाकडी मोगरी सारून त्याला आवर घालायचं काम त्यांचं. क्षणभर त्यांनी वर पाहिलं आणि चाक त्यांच्या बोटांवरून गेलं.

गर्दीवरचं आकाश रिकामं नसतं, हे आता मी खात्रीने सांगतो. तिथे काही घुमू लागलं की खालचं प्रत्येक माणूस आपले हातपाय विसरतं. पोलिसांना हे आधीच ठाऊक होतं.

काल अण्णांकडे गेलो. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन ते ओट्यावर बसले होते.

“ये रे. तो भुंगा कुणाचा होता, कळलं का? पोलीस शोधताहेत.”

“माझा होता, अण्णा.”

त्यांनी मला शेजारी बसायची खूण केली. मग म्हणाले, “फोटो तरी बरा आला का लेका?”

“आलाय. त्यात तुम्ही वर बघताय. मी चुकलो, अण्णा. मला माफ करा. इथून उठून पोलीस ठाण्यातच जातोय.”