दुखतंय म्हणायला काय जातं?

रुक्मिणीबाईंचा राग म्हैसुरात, कुवेंपुनगरच्या त्या गल्लीत प्रसिद्ध होता. पुढच्या खोलीत त्या ब्लाउज शिवत, आणि माप द्यायला आलेली बाई पोट आत ओढून उभी राहिली की तिला सरळ परत पाठवत. "मापाला खोटं बोलशील तर घालताना रडशील," म्हणत. बायका हसत आणि पुन्हा त्यांच्याकडेच येत. पण त्यांचा खरा राग गिऱ्हाइकांवर नव्हता. तो सासरच्या पुरुषांवर होता, आणि लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मुरत आला होता.

बन्नूरच्या ऊसवाल्या घरातून त्या इथे आल्या. हे घर जुन्या म्हैसूरच्या शिलेदारांचं. शिलेदारी जाऊन कैक पिढ्या लोटल्या, देवघरात एक तलवार तेवढी उरली. आयुधपूजेला घरच्या मुलांनी तिचं टोक अंगठ्याला टोचून रक्ताचा ठिपका पात्याला लावायचा, ही त्या घरची रीत. जो तोंडातून चकार शब्द काढणार नाही त्याला पहिला प्रसाद. रुक्मिणीबाईंच्या लहानग्या भुवनने भोकाड पसरलं तेव्हा त्याचे काका खो खो हसले, आणि बाप सयाजीराव लाजेने मान खाली घालून बसले. रुक्मिणीबाईंनी त्याच दुपारी तलवार माळ्यावर फेकली. सासूबाईंनी ती दिवेलागणीला परत खाली आणली. पालथ्या घड्यावर पाणी.

थोरले दीर मालोजीराव या रीतीपायीच गेले. पुतणीच्या साखरपुड्यात छातीत कळा येत होत्या, तरी पंगत उठेपर्यंत ते वाढत राहिले. हात धुवायला म्हणून गेले आणि मोरीतच कोसळले. तेराव्याला जो तो म्हणत होता, "काय माणूस! एक शब्द काढला नाही." रुक्मिणीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरणाचंसुद्धा कौतुक! थोरल्या जाऊबाई, अंबुबाई, कोपऱ्यात पांढऱ्याफटक बसल्या होत्या. त्यांना काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही.

आणि आता सयाजीरावांची पाळी. उभा जन्म एच. डी. कोट्याच्या रस्त्यावर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. गच्चीचा जिना चढताना मध्येच थांबायचे. का थांबलात म्हटलं की उत्तर ठरलेलं, "काय नाही गं, सुम्ने, उगाच उभा राहिलो." एका सकाळी कॉफीचा पेला हातात तसाच राहिला आणि कपाळावरून घाम निथळू लागला. रुक्मिणीबाईंनी रिक्षा बोलावली, नवऱ्याला आत ढकललं आणि इस्पितळ गाठलं. वाटभर ते एकच सांगत होते, "गॅस आहे."

गॅस नव्हता. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढून झाल्यावर डॉक्टर सुप्रीताने रुक्मिणीबाईंना काचेआडच्या खोलीत बोलावलं आणि पडदा दाखवला. पोर वयाने लहान होती, पण कन्नडात सावकाश, नीट सांगत होती. मोठ्या वाहिनीला जिथे फांदी फुटते, नेमक्या त्या बेचक्यात अडथळा आहे. मोठ्या वाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी बसवली की तिथला थर सरकतो आणि फांदीचं तोंड दाबलं जाऊ शकतं. म्हणून फांदीत आधीच एक बारीक तार घालून ठेवायची. तोंड फारच दाबलं गेलं, तर जाळीच्या भोकातून एक फुगा फांदीत न्यायचा, दुसरा मोठ्या वाहिनीत ठेवायचा, आणि दोन्ही शेजारी शेजारी एकदम फुगवायचे. म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या.

"मग फुगवूनच टाका की," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"गरज नसताना ढवळलं तर फांदीलाच इजा व्हायची, अम्मा. रक्त कसं वाहतंय ते बघीन, ईसीजी बघीन आणि त्यांना विचारीन. ते जागेच असतात."

"त्यांना विचारू नका. ते खोटं बोलतील."

"टेबलावर सगळे खरं बोलतात," डॉक्टर हसून म्हणाली.

बाहेर बाकड्यावर धाकटे दीर शिवाजीराव बसले होते. "भिऊ नका, वैनी. अण्णा ओठसुद्धा हलवणार नाही."

"त्याचंच भय आहे!" रुक्मिणीबाई कडाडल्या. बाकड्यावरची सगळी माणसं वळून बघू लागली. बघू देत.

काही वेळाने त्यांना पुन्हा आत बोलावलं. अंगावर जड एप्रन घातलेली डॉक्टर घाईत होती. "मोठी वाहिनी छान झाली. फांदीत रक्त जरा हळू जातंय, ईसीजीतही थोडा फरक आहे. काठावरचं आहे. दुखत असेल तर मी फांदी उघडणार. पण पुन्हा पुन्हा विचारलं, नोवु इल्ल, दुखत नाही, म्हणतात. तुम्ही म्हणाला होतात ते खोटं बोलतील. तुम्हीच विचारा." तिने माइकचं बटण दाबून धरलं.

काचेपलीकडे हिरव्या चादरीखाली सयाजीराव निजले होते.

"अहो, दुखतंय का?"

"इल्ल गं," स्पीकरमधून आवाज आला. "मला काय धाड भरलीय? तू कशाला आलीस आत?"

रुक्मिणीबाई माइकवर वाकल्या.

"ऐका मग. तुम्ही इथून उठला नाहीत तर तेराव्याला सगळा गोत जमेल. जो तो म्हणेल, काय माणूस, एक शब्द काढला नाही. तेव्हा मी पंगतीत उभी राहून सांगणार, माझा नवरा शूर नव्हता. भित्रा होता. दुखतंय म्हणायला भ्याला आणि खोटं बोलून मेला. भुवनला सांगणार, भावजींना सांगणार, दारात येईल त्याला सांगणार. देवीची आण घेऊन सांगते. आता बोला. दुखतंय का?"

खोलीतला तंत्रज्ञ खाली मान घालून बसला.

"दुखतंय," सयाजीराव म्हणाले. आणि मग थांबेचनात. "लई दुखतंय गं. मघापासनं. हनुवटीपर्यंत आलंय."

डॉक्टर तोवर आत पोचलीसुद्धा होती. पडद्यावर दोन धूसर फुगे एकमेकांना चिकटून फुगताना दिसले. सयाजीराव "अय्यो, मेलो!" म्हणून असे ओरडले की काचेअलीकडेही ऐकू आलं. मग फुगे बसले, फांदीत रंगद्रव्याची काळी रेघ सरसर धावली, आणि डॉक्टरने मान वळवून अंगठा दाखवला.

रुक्मिणीबाईंना रडू आलं नाही. उलट आणखीच संताप झाला. एवढंसं तर काम होतं! एका शब्दाचं! आणि त्या एका शब्दासाठी या घराने थोरला भाऊ घालवला, अंबुबाईंचं कपाळ पांढरं केलं, आणि वर मिशीला पीळ दिला.

दुसऱ्या दिवशी शिवाजीराव एळनीर, म्हणजे शहाळं, घेऊन वॉर्डात आले, ते जिंकल्यासारखे. "हूं की चूं केलं नसशील, अण्णा! मी भुवनला तेच सांगितलं फोनवर."

रुक्मिणीबाई मोसंबं सोलत होत्या. जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं. हे नवऱ्यानेच सांगायचं होतं.

"केलं की," सयाजीराव म्हणाले. "दुखत होतं, ओरडलो. दुखतंय म्हणालो म्हणून दुसरा फुगा घातला. नाहीतर तसंच ठेवणार होते."

शिवाजीराव हसले. त्यांच्याबरोबर कुणी हसलं नाही. ते स्टुलावर बसले, उठले, दारापर्यंत जाऊन पडदा ओढून आले. मग भावाच्या अगदी जवळ वाकून, हळू आवाजात विचारलं, "हनुवटीपर्यंत येतं... ते कसं येतं, अण्णा? चालताना येतं, की बसल्यावर पण?"

हनुवटीचं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. रुक्मिणीबाईंनी मोसंबं ताटलीत टाकलं.

"भावजी, कधीपासनं?"

"काय नाही, वैनी. सुम्ने विचारलं."

रुक्मिणीबाईंनी त्यांचा दंड घट्ट धरला आणि सगळा वॉर्ड दचकेल अशा आवाजात सिस्टरला हाक मारली.