लेकीच्या परड्यातला लसूण

२०१७ सालचा चैत्र. माझं वय सत्तरीला टेकलं होतं. मुरुडच्या पलीकडं आमचं गाव. कारभारीण जाऊन वर्ष झालं होतं. नांदेडहून पोरगा, दत्ता, मला कायमचं न्यायला आला. गाठोडं त्यानं डिकीत टाकलं, लसणाची वेणी मात्र मी मांडीवर घेतली. "आप्पा, गाडीभर वास सुटल," म्हणाला. म्हटलं, सुटू दे.

हा लसूण कारभारणीचा. माहेराहून आणलेला, बारीक पाकळीचा, लालसर सालीचा. लई तिखट. दसरा-दिवाळीच्या मधी ती परड्यात वाफा धरायची, टोक वर ठेवून एकेक पाकळी बोटानं दाबायची. मी पाणी द्यायचो. उन्हाळा लागताना काढला की पातीसकट वेणी घालून चुलीच्या वर आढ्याला टांगायचा. पावसाळाभर धूर लागला की बी टणक राहतं. ती गेल्यावर एक हंगाम मी एकट्यानं लावला, ती ही वेणी.

पोराचं घर विष्णुपुरीच्या बाजूला. मागं ओसरीएवढी उघडी माती, काळी, चांगली. ती बघून जीव जरा बसला. चूल तर न्हाई. पण गॅसच्या वर भिंतीला लोखंडी धुराडं बसवलेलं दिसलं. म्हटलं, जागा झाली. खिळा मारला आणि वेणी त्याच्या तोंडाशीच टांगली. सूनबाई म्हणाली, मामा, इथं नुसती तेलाची वाफ येती, जिन्यात टांगा. मी ऐकलं न्हाई. शाळा दुसरीपर्यंत झाली माझी, पण लसूण मला कुणी शिकवायचा? दसऱ्याला वेणी सोडली तर पाकळ्या चिकट, काळ्या, आतून भुसा. मी अजूनबी म्हणतो, ज्याला धूर ठाऊक न्हाई त्याला धुराडं म्हणून विकूच नये.

दत्तानं बाजारातनं गड्डे आणले. अंगठ्याएवढी पाकळी, वास काहीच न्हाई. मी हात लावला न्हाई. मग तो हळूच म्हणाला, उदगीरला शेवंताअक्काच्या परड्यात आपलाच लसूण हाय, आणू का? शेवंता माझी थोरली लेक. लग्नात आईनं तिच्या ओटीत गड्डे घातले होते, तिनं ते बी मोडू दिलं न्हाई. पण लेकीच्या घरचं घ्यायचं न्हाई, जेवायचं न्हाई, पाणीबी प्यायचं न्हाई, ही आमची रीत. लोक नातू होईपर्यंत पाळतात आणि सोडतात. माझ्या बापानं मरेपर्यंत पाळली, म्हणून मीबी. तिच्याकडं गेलो तर बाहेर ओट्यावर बसायचो आणि स्टँडवर चहा पिऊन परत यायचो. दत्ताला बजावलं, तिला कळवायचं न्हाई.

सुनेनं कळवलंच. संध्याकाळी फोन आला.

"आप्पा, बी हाय. पण पाठवणार न्हाई. इथं या, जेवा, मग न्या."

"तुला रीत ठाऊक न्हाई का?"

"हाय की. पोरगं कालिजात गेलं माझं. आता काय त्याच्या लग्नात सोडता?"

थंडी पडायच्या आत पाकळी मातीत गेली न्हाई, तर ह्या घरात कारभारणीच्या हातचं काहीच उगवणार न्हाई, हे मला कळत होतं.

मग ती सावकाश बोलली. "आई यायची तवा जेवून जायची. दरवेळी. तुझ्या आप्पाला सांगू नको, म्हणायची."

फोन ठेवला. आधी राग आला, मग हसू. उदगीरहून आली की कारभारीण म्हणायची, भूक न्हाई, उनानं जीव कासावीस झालाय. आणि मी खुळा लिंबूपाणी करून द्यायचो.

गावाकडची मंडळी विचारतात, आप्पा, नांदेडात करमतं का? गावचं दार बंद हाय, परड्यात गवत माजलंय. पण आपलं माणूस ताट वाढून बसलंय आणि आपण न्हाईच म्हणून राहिलो, तर नांदेड काय अन् गाव काय, दोन्ही परकंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस्टीनं उदगीरला गेलो. ओट्यावर थांबलो न्हाई. आत जाऊन पाटावर बसलो. शेवंतानं वाढलं. दुसरी भाकरी मी मागून घेतली.